जेबीएलमधला जेम्स

ब्लूटूथ स्पीकरवर, मित्राच्या गाडीच्या डिकीतल्या सबवूफरवर नाहीतर एखाद्या कॉन्सर्टच्या स्टेजवर 'जेबीएल' ही तीन अक्षरं तुम्ही नक्की पाहिली असतील. ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत. जेम्स बुलो लान्सिंग. पण हे त्याचं जन्माचं नाव नव्हतं, बरं का!

१४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात जन्मलेला हा मुलगा जेम्स मार्टिनी. चौदा भावंडांतला नववा. वडील कोळसा खाणीत इंजिनिअर. काही काळ तो बुलो नावाच्या कुटुंबाकडे राहिला आणि पुढे त्यांचं आडनाव त्यानं आपल्या नावात घेतलं. शाळकरी वयातच त्यानं घरी रेडिओ ट्रान्समीटर बनवला होता. पहिलं काम मात्र मोटार मेकॅनिकचं! आज ज्याच्या नावाचे स्पीकर आपण गाडीत बसवतो, तो आधी गाड्याच दुरुस्त करायचा.

१९२४ मध्ये आई गेली आणि त्यानं घर सोडलं. सॉल्ट लेक सिटीत रेडिओ स्टेशनवर काम करताना त्याला केन डेकर भेटला. १९२७ मध्ये दोघांनी लॉस एंजेलिसमध्ये लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी काढली. डेकरनं धंदा सांभाळायचा, लान्सिंगनं स्पीकर बनवायचे. जोडी जमली. नव्या कंपनीसाठी मार्टिनीचा लान्सिंग झाला.

त्याच वर्षी बोलपट आले आणि थिएटरांना मोठ्या आवाजाची गरज पडली. अडचण अशी, की एकच स्पीकर सगळं नीट वाजवू शकत नाही. बेससाठी भरपूर हवा हलवणारा मोठा, जड कोन लागतो. बारीक, उंच सुरांसाठी झटपट थरथरणारा हलका पडदा लागतो. म्हणून दोन वेगळे स्पीकर, आणि कुठले सूर कोणाकडे जायचे याची वाटणी करणारं सर्किट. तोच क्रॉसओव्हर.

एमजीएम स्टुडिओचे डग्लस शिअरर आणि जॉन हिलियर्ड तेव्हाच्या सिस्टीमवर वैतागले होते. त्यात बेसचा भोंगा लांब आणि उंच सुरांचा आखूड होता. त्यामुळे एकाच आवाजाचे दोन भाग मागेपुढे पोचायचे. टॅप डान्सच्या सीनमध्ये तर बुटाचा एक ठोका दोनदा ऐकू यायचा! त्यांनी नवी सिस्टीम आखली. बेसचा मार्ग आखूड करून दोन्ही आवाज जवळजवळ एकाच वेळी पोचवले. त्यासाठीचे स्पीकर लान्सिंगच्या कंपनीनं बनवले. १९३६ सालचा ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार मिळाला तो शिअरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाला.

गाडीत स्पीकर बसवणार असाल, तर हा धडा आजही कामाचा आहे. फक्त वॅट बघून खरेदी करू नका. सबवूफरला साधारण ८० हर्ट्झच्या खालचे सूर द्या आणि दारातल्या स्पीकरवरून तेवढाच बेस काढून घ्या. म्हणजे आवाज वाढवला तरी ते फाटणार नाहीत. ट्वीटरचा कट साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा. नेमका आकडा कंपनीच्या माहितीपत्रकात बघा. खूप खाली आणलात तर ट्वीटर जळेल. आणि ड्रायव्हरच्या बाजूचा स्पीकर कानाला जवळ असतो, त्यामुळे त्याचा आवाज आधी पोचतो. टाइम अलाइनमेंटचं सेटिंग त्याला मिलिसेकंदभर थांबवतं. टॅप डान्सचाच प्रॉब्लेम, फक्त छोट्या जागेतला.

लान्सिंगच्या आयुष्यातली वाटणी मात्र १९३९ मध्ये मोडली. डेकर विमान अपघातात गेला. हिशेब, बँक, देणेकरी हे सगळं अशा माणसावर आलं, ज्याचं मन वर्कशॉपमध्ये रमायचं. १९४१ मध्ये आल्टेकनं कंपनी विकत घेतली, तिची आल्टेक लान्सिंग झाली. तिथली पाच वर्षं संपल्यावर १९४६ मध्ये त्यानं पुन्हा स्वतःची कंपनी काढली. आल्टेकनं लान्सिंग या नावावर हरकत घेतली, म्हणून नाव ठेवलं जेम्स बी. लान्सिंग साउंड.

इथेच त्यानं डी-१३० हा १५ इंची स्पीकर बनवला. त्यात चार इंची व्हॉइस कॉइल होती, त्या काळात खूपच मोठी. हा स्पीकर पुढे अनेक वर्षं विकला गेला. पण तेव्हा कंपनी कर्जात रुतत चालली होती. सप्टेंबर १९४९ मध्ये लान्सिंगनं आपलं आयुष्य संपवलं. वय फक्त ४७.

अशा मृत्यूमागे एकच कारण नसतं, त्यामुळे कर्जाकडे बोट दाखवून मोकळं होणं बरोबर नाही. पण एवढं दिसतं, की दोघांचं ओझं तो बराच काळ एकटा वाहत होता. त्याच्यामागे कंपनीतल्याच विल्यम थॉमस यांनी ती सावरली. म्हणजे धंदा सांभाळू शकणारा माणूस कंपनीतच होता. ५० च्या दशकात जेबीएल हा ब्रँड झाला. आज तो सॅमसंगच्या मालकीच्या हरमनकडे आहे.

कॉलेज, स्टार्टअप, घर असं सगळं तुम्हीही एकट्यानंच खेचत असाल, तर त्यातलं काय दुसऱ्याकडे देता येईल ते आजच बघा. आणि फारच जड वाटत असेल, तर जवळच्या माणसाशी बोला किंवा टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. तो मोफत आहे आणि २४ तास सुरू असतो.