पहाटेची मिस्सा, दुपारचा सामना : नूट रॉकनी यांची जीवनकथा

अमेरिकेतील खेळाडूंविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. तेथील फुटबॉल तर आपल्या परिचयाचा फुटबॉलही नव्हे. अंडाकृती चेंडू हाती घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीतून वाट काढीत धावण्याचा तो खेळ आहे. तरीही त्या खेळाच्या एका प्रशिक्षकाची जीवनकथा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ह्या माणसाने एका कॅथलिक विद्यापीठाच्या मुलांना जिंकायला शिकविले आणि त्या मुलांनी त्याला श्रद्धेची वाट दाखविली. ती वाट दाखविताना त्यांनी त्याला कसलाही उपदेश केला नव्हता.

नूट रॉकनी यांचा जन्म ४ मार्च १८८८ रोजी नॉर्वेमधील व्हॉस ह्या गावी झाला. वडील घोडागाड्या बनविणारे कुशल कारागीर होते. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने ते अमेरिकेत गेले आणि मागोमाग कुटुंबही तेथे पोहोचले. नूट त्या वेळी पाच वर्षांचे होते. घराणे लूथरन पंथाचे, परिस्थिती बेताची. शालेय शिक्षण अर्धवट सुटले आणि तरुण रॉकनी शिकागोच्या टपाल खात्यात नोकरीला लागले. काही वर्षे काम करून त्यांनी पैसा साठविला. शिक्षणाची आस मात्र सुटली नव्हती. धावण्याच्या शर्यतींतील त्यांचे मित्र इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठात निघाले होते. त्यांच्या आग्रहावरून १९१० साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, रॉकनीही तेथे दाखल झाले.

नोटर डेम ह्या फ्रेंच नावाचा रोख पवित्र माता मरियेकडे आहे. होली क्रॉस संघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर एडवर्ड सोरिन यांनी १८४२ साली साउथ बेंड गावाजवळ ह्या संस्थेचा पाया घातला. रॉकनी तेथे आले तेव्हा ती एक लहानशी संस्था होती. देशातील मानमरातब पूर्वेकडील जुन्या, श्रीमंत विद्यापीठांकडे होता. आयर्लंड, जर्मनी, पोलंड अशा देशांतून आलेल्या श्रमिक कॅथलिकांची मुले नोटर डेममध्ये शिकत. त्यांच्यात हा लूथरन तरुण वयाने थोर आणि धर्माने वेगळा होता, पण त्याला कोणी परके मानले नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत साफसफाई करून तो आपला खर्च भागवीत असे.

येथे त्या खेळाविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. त्या काळी अमेरिकन फुटबॉल म्हणजे निव्वळ रेटारेटी होती. १९०५ सालच्या हंगामात अनेक तरुण मैदानात जखमी होऊन दगावले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनाही त्यात लक्ष घालावे लागले. १९०६ साली नियम बदलले आणि चेंडू पुढे फेकून साथीदाराकडे देण्यास मुभा मिळाली. तथापि बलाढ्य संघांनी आपल्या ताकदीवरच भिस्त ठेवली आणि ह्या नव्या युक्तीचा वापर बेतानेच केला.

१९१३ च्या उन्हाळ्यात रॉकनी आणि त्यांचे मित्र गस डोराइस हे ओहायो राज्यातील सीडर पॉइंट येथे, ईरी सरोवराच्या काठी, कामाला गेले. फावल्या वेळात डोराइस वाळूवर उभे राहून चेंडू फेकीत आणि रॉकनी धावता धावता तो झेलीत. सुट्टी संपेपर्यंत हा सराव चालू राहिला. त्या वर्षी रॉकनी संघाचे कर्णधार होते आणि जेसी हार्पर हे नवे प्रशिक्षक होते. १ नोव्हेंबर १९१३ रोजी, म्हणजे सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, हा संघ लष्करी अकादमीच्या संघाशी लढण्यासाठी वेस्ट पॉइंटला गेला. मध्यंतरापर्यंत नोटर डेमची आघाडी १४-१३ अशी अवघ्या एका गुणाची होती. त्यानंतर डोराइस यांच्या फेकींपुढे सैनिकांचा निरुपाय झाला आणि सामना ३५-१३ असा संपला. चेंडू पुढे फेकण्याची युक्ती रॉकनींनी शोधून काढली, असे पुढे लोक म्हणू लागले. ते खरे नव्हे. शारीरिक बळात कमी असलेला संघ सरावाच्या व बुद्धीच्या जोरावर बलाढ्यांना हरवू शकतो, हे मात्र त्या दिवशी देशाने पाहिले. त्या हंगामातील सातही सामने नोटर डेमने जिंकले.

१९१४ साली रॉकनी पदवीधर झाले आणि बॉनी स्काइल्स यांच्याशी विवाहबद्ध झाले. काही काळ त्यांनी रसायनशास्त्र शिकविले. त्यांचे वरिष्ठ होते फादर ज्युलियस न्यूलँड, ज्यांच्या संशोधनातून पुढे कृत्रिम रबर तयार झाले. रॉकनींचा ओढा मात्र मैदानाकडे होता आणि १९१८ साली ते मुख्य प्रशिक्षक झाले.

तो काळ अमेरिकेतील कॅथलिकांसाठी सुखाचा नव्हता. कू क्लक्स क्लॅन ही संघटना कृष्णवर्णीय, ज्यू आणि कॅथलिक यांच्याविरुद्ध द्वेष पसरवीत होती, आणि इंडियाना राज्यात तिचा मोठा जोर होता. मे १९२४ मध्ये क्लॅनचे लोक मेळाव्यासाठी साउथ बेंडमध्ये जमले, तेव्हा नोटर डेमचे विद्यार्थी संतापून रस्त्यावर उतरले व मारामाऱ्या झाल्या. विद्यापीठाचे अध्यक्ष फादर मॅथ्यू वॉल्श यांनी स्वतः मुलांच्या गर्दीत जाऊन त्यांना समजावले आणि शांतपणे परत नेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्लॅनचा पाठिंबा असलेला उमेदवार राज्याचा गव्हर्नर म्हणून निवडून आला. रस्त्यावर उत्तर द्यायचे नाही, मग द्यायचे कुठे, हा प्रश्न त्या तरुणांपुढे उभा होता.

त्याच शरद ऋतूत रॉकनींचा संघ मैदानात उतरला. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांनी लष्करी अकादमीला १३-७ असे हरविले. कर्णधार ॲडम वॉल्श त्या दिवशी मोडलेल्या हातांनिशी खेळले. स्टुलड्रेअर, क्रॉली, मिलर आणि लेडन ह्या चौघा खेळाडूंना ग्रँटलँड राइस ह्या वार्ताहराने प्रकटीकरणाच्या पुस्तकातील चार घोडेस्वारांची उपमा दिली आणि त्यांचे नाव देशभर झाले. १९२२ आणि १९२३ ह्या दोन्ही वर्षांत नोटर डेमचा एकेकच पराभव झाला होता आणि तो नेब्रास्काकडून. तेथील प्रेक्षकांनी ह्या मुलांच्या धर्मावरून त्यांना हिणविलेही होते. १९२४ साली नेब्रास्काचा संघ ३४-६ असा हरला. १ जानेवारी १९२५ रोजी कॅलिफोर्नियातील रोझ बोल सामन्यात स्टॅनफर्डचा २७-१० असा पराभव झाला आणि दहापैकी दहा विजयांनी हंगाम संपला. ज्या कॅथलिक कामगारांनी हे विद्यापीठ कधी पाहिलेही नव्हते, त्यांना हा संघ आपला वाटू लागला.

संघ कॅथलिक विद्यापीठाचा, पण प्रशिक्षक अद्याप कॅथलिक नव्हता. ह्या संदर्भातील एक आठवण रॉकनी स्वतः सांगत असत. पूर्वेकडील एका सामन्याच्या आदल्या रात्री काळजीमुळे त्यांना झोप लागली नाही. पहाटे ते हॉटेलच्या दालनात येऊन बसले, तोच त्यांचे खेळाडू एकेक करून खाली उतरले आणि घाईघाईने बाहेर पडू लागले. मुले मिस्सेला आणि कम्युनियन घ्यायला निघाली होती. सामन्याच्या दिवशी खेळाडूला झोपेचे मोल किती असते, हे प्रशिक्षकाइतके कोणाला ठाऊक असणार! ती झोप ही मुले कोणी न सांगता सोडीत होती. रॉकनीही त्यांच्यासोबत गेले. मुलांना ह्या श्रद्धेतून बळ मिळते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले.

२० नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाच्या आवारातील लाकडी ओंडक्यांच्या लहानशा चॅपलमध्ये फादर व्हिन्सेंट मूनी यांच्या हस्ते रॉकनींचा स्नानसंस्कार झाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रथम कम्युनियन स्वीकारले. त्याच दिवशी नॉर्थवेस्टर्नविरुद्ध सामना होता. मध्यंतराला नोटर डेम ०-१० असे मागे होते. शेवटी ते १३-१० असे जिंकले.

स्नानसंस्काराने रॉकनी संत झाले, असे आम्हांला सुचवायचे नाही. त्याच डिसेंबरमध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी करार केला आणि बोभाटा होताच तो मोडला. १९२६ साली प्रतिस्पर्ध्याला दुबळे समजून ते स्वतःच्या संघाचा सामना सोडून शिकागोला दुसरा सामना पाहायला गेले. इकडे कार्नेगी टेकने नोटर डेमला १९-० असे हरविले. १९२८ साली मध्यंतरात त्यांनी जॉर्ज गिप ह्या १९२० साली निधन पावलेल्या खेळाडूची अंतिम इच्छा संघाला सांगितली आणि लष्करी अकादमीविरुद्धचा सामना जिंकला. गिपने तसे खरोखर म्हटले होते का, ह्याविषयी अभ्यासक आजही साशंक आहेत. विजयाची ओढ माणसाला कुठवर नेते, हेही ह्या जीवनात दिसते.

१९२९ साली पायाच्या रक्तवाहिन्यांच्या विकाराने त्यांना जेरीस आणले. काही सामन्यांना ते चाकाच्या खुर्चीतून हजर राहिले, काहींना मुकले. संघ मात्र अपराजित राहिला. १९३० साली नवे स्टेडियम खुले झाले आणि तोही हंगाम अपराजित ठरला. तेरा हंगामांत १०५ विजय, १२ पराभव आणि ५ बरोबरी, असा त्यांचा हिशेब आहे.

३१ मार्च १९३१, पवित्र सप्ताहातील मंगळवार. चित्रपटाच्या कामासाठी लॉस एंजेलिसला निघालेले रॉकनी कॅन्सस सिटीहून विमानात बसले. त्यांचे दोन मुलगे त्याच शहरात शाळेत होते, पण त्यांची गाडी उशिरा आल्याने पितापुत्रांची भेट झाली नाही. बझार ह्या खेड्याजवळ विमानाचा लाकडी पंख हवेतच तुटला आणि आठही जण मृत्युमुखी पडले. रॉकनी ४३ वर्षांचे होते. ह्या अपघाताने देश हादरला आणि विमानांच्या तपासणीचे नियम कडक झाले. ४ एप्रिलला, पवित्र शनिवारी, नोटर डेमच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये अंत्यविधी झाला व तो रेडिओवरून देशभर ऐकला गेला. साउथ बेंडच्या हायलँड दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

रॉकनींचे विक्रम पुस्तकांत नोंदलेले आहेत. त्या पहाटे मिस्सेला गेलेल्या मुलांची नावे मात्र कुठेही नाहीत. आपला प्रशिक्षक आपल्याला पाहत आहे, हे त्यांना ठाऊकही नव्हते. आमच्या गावांतही पहाटेच्या मिस्सेला लगबगीने जाणारे आजोबा, कामावर जाण्यापूर्वी चर्चमध्ये डोकावणारी आई, परीक्षेच्या दिवशी वेदीसमोर गुडघे टेकणारा मुलगा असतो. त्यांना कोण पाहत असेल, आणि त्याच्या मनात काय रुजत असेल, हे आपण कसे सांगावे? रॉकनींच्या जीवनाकडे पाहताना आम्हांला त्यांचेच स्मरण होते.