मेहेरबानी नव्हे, हक्क!

१७७४ सालचा जानेवारी महिना. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया वसाहतीत, तंबाखूच्या एका मोठ्या मळ्यावरच्या घरात बावीस वर्षांचा तरुण आपल्या कॉलेजमित्राला पत्र लिहीत होता. प्रकृती तोळामासा, उंची पाच फूट चार इंच आणि स्वभाव अबोल. पण त्या दिवशी त्याचा संताप कागदावर मावत नव्हता. शेजारच्या परगण्यात पाच-सहा माणसे तुरुंगात पडली होती. त्यांनी चोरी केली नव्हती की कुणाला मारले नव्हते. आपली धर्ममते उघडपणे सांगितली, एवढाच त्यांचा गुन्हा. पत्र लिहिणारा हा तरुण म्हणजे जेम्स मॅडिसन. पुढे तो अमेरिकेचा चौथा अध्यक्ष झाला आणि अमेरिकी राज्यघटनेचा जनक म्हणून इतिहासात गेला.

व्हर्जिनियात त्या काळी इंग्लंडचे अँग्लिकन चर्च हे सरकारी चर्च होते. पाद्र्याचा पगार कायद्यानेच ठरवून दिलेला होता : वर्षाला १६,००० पौंड तंबाखू! तो वसूल व्हायचा करदात्यांकडून, मग ते त्या चर्चची पायरी चढोत वा न चढोत. लग्न लावायचा अधिकारही याच पाद्र्यांचा. इतर पंथांच्या उपदेशकांना प्रवचनासाठी सरकारी परवाना लागे. बॅप्टिस्ट पंथाच्या अनेक उपदेशकांना ते मान्य नव्हते. देवाच्या कामाला सरकारची परवानगी कशाला, असा त्यांचा सवाल. मग तुरुंग ठरलेलाच. काही जण तर तुरुंगाच्या गजांआडूनही बाहेर जमलेल्या लोकांना प्रवचने देत.

मॅडिसनला स्वतःला या जाचाची झळ कधीच लागली नव्हती. १६ मार्च १७५१ रोजी जन्मलेला हा बारा भावंडांतला थोरला मुलगा अँग्लिकन घरातलाच. वडील गावच्या चर्चचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. पण १७६९ मध्ये तो शिकायला गेला प्रिन्स्टनला. तिथले प्राचार्य जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडहून आलेले प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक. सरकारी चर्चच्या पंखाखाली नसलेला धर्मही किती तेजस्वी असू शकतो, हे मॅडिसनने तिथे पाहिले. दोनच वर्षांत त्याने पदवी घेतली, वर हिब्रू शिकायला आणखी काही महिने राहिला. घरी परतला तो प्रकृती पार ढासळलेली घेऊन आणि डोक्यात एक प्रश्न घेऊन : माणसाच्या श्रद्धेत सरकारचे काय काम?

उत्तर मांडायची संधी दोन वर्षांत आली. १७७६ मध्ये इंग्लंडशी संबंध तोडायला निघालेल्या व्हर्जिनियाच्या प्रतिनिधींची परिषद विल्यम्सबर्गला भरली. नागरिकांच्या हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता. मसुदा होता जॉर्ज मेसन या ज्येष्ठ नेत्याचा. धर्माच्या बाबतीत सर्वांना पुरेपूर सहिष्णुतेने वागवावे, असे त्याने लिहिले होते. त्या काळी हेही फार उदार होते. पंचवीस वर्षांच्या मॅडिसनला मात्र हा शब्दच खटकला. सहन करणारा वरचा आणि ज्याला सहन करायचे तो खालचा, हे त्या शब्दातच आले. आज ज्याने मुभा दिली, तो उद्या ती काढूनही घेईल. मॅडिसनने दुरुस्ती सुचवली. आपल्या सदसद्विवेकानुसार धर्माचरण करण्याचा सर्वांना समान हक्क आहे, असा मजकूर आला. मेहेरबानीच्या जागी हक्क आला. मॅडिसनच्या साऱ्या आयुष्याचे सार या एका बदलात आहे.

पुढची निवडणूक मात्र तो हरला. उमेदवाराने मतदारांना दारू पाजायची, असा तिथला रिवाज. मॅडिसनने तो पाळला नाही, मतदारांनी त्याला घरी बसवले!

खरी लढाई झाली १७८४-८५ मध्ये. स्वातंत्र्ययुद्ध संपले होते, चर्चेस ओस पडली होती, समाजाची नीती घसरल्याची ओरड होती. स्वातंत्र्ययुद्धाचा नामवंत वक्ता पॅट्रिक हेन्री याने विधिमंडळात प्रस्ताव आणला : ख्रिस्ती धर्माच्या शिक्षकांसाठी सर्वांवर कर बसवावा. आपला पैसा कोणत्या पंथाला जावा, हे करदात्यानेच सांगावे. वरवर पाहता यात अन्याय कुठे होता? कोणावर एका पंथाची सक्ती नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टनसारख्यालाही त्यात फारसे वावगे दिसले नाही.

मॅडिसनला दिसले. त्याने आधी विधेयक पुढच्या अधिवेशनापर्यंत लांबवून घेतले आणि १७८५ च्या उन्हाळ्यात निनावी निवेदन लिहिले. त्यात पंधरा मुद्दे होते. जे सरकार आज ख्रिस्ती धर्माला उचलून धरते, तेच उद्या त्यातल्या एखाद्याच पंथाला उचलून धरेल. धर्माच्या नावाने आज तीन पेन्स जरी जबरदस्तीने घेता आले, तरी उद्या हवी ती सक्ती करता येईल. आणि सरकारी आश्रयाने धर्माचे भले कधी झाले आहे? पंधरा शतकांचा अनुभव सांगतो, की पाद्री आळशी नि उन्मत्त झाले आणि भाविक अडाणी राहिले. म्हणजे हे निवेदन धर्माच्या विरोधात नव्हतेच. धर्माला सरकारी कुबड्यांची गरज नाही, असा त्यात धर्मावरचा विश्वास होता. गंमत म्हणजे ते छापून वाटण्यात पुढाकार घेतला तो ज्याचा शब्द मॅडिसनने बदलला होता, त्या जॉर्ज मेसननेच!

हजारो सह्यांचे अर्ज विधिमंडळावर येऊन आदळले. सर्वांत मोठा आवाज बॅप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन भाविकांचा होता. करविधेयक बारगळले. वाऱ्याची दिशा ओळखून मॅडिसनने आपला मित्र थॉमस जेफरसन याचे कित्येक वर्षे पडून राहिलेले धर्मस्वातंत्र्याचे विधेयक पुढे काढले. जेफरसन तेव्हा पॅरिसला वकिलातीत होता. विधेयकात येशू ख्रिस्ताचे नाव घालावे, अशी सूचना आली. ती बहुमताने फेटाळली गेली आणि जानेवारी १७८६ मध्ये कायदा झाला. त्या कायद्याचे छत्र ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदू आणि नास्तिक अशा सर्वांवर होते, असे जेफरसनने पुढे आत्मवृत्तात आवर्जून नोंदवले. व्हर्जिनियात तेव्हा हिंदू असे कितीसे असणार? पण हक्क मोजून द्यायचा नसतो, हेच तर तत्त्व होते.

१७८७ च्या संघराज्याच्या घटनेत सरकारी पदासाठी धर्माची अट नसावी, असे कलम आले. तेवढ्याने बॅप्टिस्टांचे समाधान होईना. हक्कांच्या हमीसाठी झटेन, असे वचन देऊन मॅडिसन १७८९ मध्ये जेम्स मन्रोविरुद्ध काँग्रेसची निवडणूक लढला आणि ३३६ मतांनी जिंकला. त्याने वचन पाळले. डिसेंबर १७९१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती अमलात आली : काँग्रेस कोणताही धर्म प्रस्थापित करणार नाही आणि कोणाच्याही धर्माचरणाला आडकाठी करणार नाही. राज्य सरकारांनाही विवेकस्वातंत्र्याचे बंधन घालावे, ही त्याची सूचना मात्र सिनेटने काढून टाकली. मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीची करव्यवस्था १८३३ पर्यंत टिकली.

अध्यक्ष झाल्यावर कसोटी लागली. १८११ मध्ये मिसिसिपी प्रदेशातल्या एका बॅप्टिस्ट चर्चला सरकारी जमीन देणारे विधेयक त्याच्यापुढे आले. म्हणजे लाभ होणार होता तो त्याच्या जुन्या पाठीराख्यांचाच. मॅडिसनने नकाराधिकार वापरला. युद्धकाळात मात्र त्याने राष्ट्रीय प्रार्थनादिनाचे आदेश काढले. उतारवयात लिहिलेल्या टिपणांत त्याने अशा सरकारी आदेशांनाही आक्षेप घेतला.

या चरित्रातला काळा डाग झाकता येत नाही. विवेकाच्या हक्कासाठी आयुष्यभर झगडलेल्या या माणसाच्या मळ्यावर शंभराहून अधिक गुलाम राबत होते. गुलामगिरी वाईट, हे त्याला कळत होते. तरी मृत्युपत्रातही त्याने त्यांना मुक्त केले नाही. २८ जून १८३६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्याने प्राण सोडला, तेव्हा जवळ असलेला पॉल जेनिंग्ज हा त्याचा गुलामच होता. त्या अखेरच्या क्षणांची हकिगत पुढे जेनिंग्जनेच लिहून ठेवली.

पण शब्द माणसापेक्षा दीर्घायुषी ठरतात. १९४० च्या दशकात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या दुरुस्तीतले धर्मस्वातंत्र्य राज्य सरकारांवरही बंधनकारक केले. आपल्याकडे डॉ. आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या राज्यघटनेचे २५ वे कलम सर्वांना विवेकस्वातंत्र्याचा समान हक्क देते आणि २७ वे कलम सांगते, की एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी राखलेला कर भरायची सक्ती कोणावरही करता येणार नाही. आपली वाट अमेरिकेहून वेगळी आहे. समाजसुधारणेसाठी धर्मव्यवहारात हात घालायची मुभा आपल्या घटनेने सरकारला दिली आहे, कारण आपल्याकडे देवळांची दारेच काहींना बंद होती. पण मूळ धागा तोच. शेजाऱ्याची प्रार्थना आपण चालवून घेतो, असे आपण मोठ्या मनाने म्हणतो. मॅडिसनने आपल्याला थांबवून विचारले असते : ती चालवून घेणारे आपण कोण?