रमाबाईंचा अक्षय ठेवा

पंडिता रमाबाईंवर लिहितो आहे असे मी सांगितले, तेव्हा एका मित्राने लगेच विचारले की, त्यांच्या बाजूने लिहिणार की विरुद्ध? रमाबाईंना जाऊन शंभर वर्षे उलटली, तरी आपल्याकडे हा प्रश्न असाच विचारला जातो. एक पक्ष त्यांनी धर्म सोडला एवढेच धरून बसतो. दुसरा पक्ष त्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या कार्याचे गोडवे गातो आणि ख्रिस्ती श्रद्धेचा भाग आला की पान उलटतो. मला वाटते, ते पान वाचल्याशिवाय रमाबाई कळत नाहीत. देवासाठी माणसाने केले, तर देव त्याला काय देतो, हा एकच प्रश्न त्यांचा लहानपणापासून पाठलाग करीत होता.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, आजच्या कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या रानात, गंगामूळ येथे. या अंकाच्या कन्नड विभागातही त्यांच्यावर लेख यायला हरकत नव्हती, इतक्या त्या दोन्ही भाषांच्या आहेत. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न. पत्नीला संस्कृत शिकवण्याचे धाडस त्यांनी केले आणि त्याबद्दल शास्त्री-पंडितांच्या सभेत उत्तरही दिले. पुढे त्या माउलीनेच आपल्या मुलीला शिकवले. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असतील, तोच हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि नंतर वर्षानुवर्षे चालतच राहिले. देवळाच्या ओवरीत किंवा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, लोक जे देतील ते घ्यायचे, उरेल ते दानधर्मात घालायचे, आणि व्रते, उपास, स्नाने करीत पुढच्या तीर्थाला जायचे. पोटासाठी दुसरा कसला उद्योग करावा हे घरात कुणाला माहीत नव्हते. पुण्य साठत होते आणि त्या साठ्यावर सगळ्यांचा भरवसा होता.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. १८७४ च्या आसपासची ही गोष्ट. जवळचा पैसा देवकार्यात संपला, भांडी आणि दागिने गेले. भीक मागायची लाज, मजुरीची सवय नाही. शेवटी तिरुपतीच्या बाजूच्या रानात मरण पत्करायला सगळे गेले. अकरा दिवस पाणी आणि झाडपाला खाऊन काढले. थकलेल्या, दृष्टी अधू झालेल्या वडिलांनी जलसमाधी घ्यायचे ठरवले, तेव्हा थोरल्या मुलाने जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखवली म्हणून ती टळली. पण थोड्याच दिवसांत वडील गेले, त्यांच्यामागून आई आणि नंतर थोरली बहीण. आईचे प्रेत उचलायला माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांना दया आली. त्या दोघांबरोबर भावाने आणि सोळा वर्षांच्या रमेने खांदा दिला. स्मशान कोसभर लांब. रमा सगळ्यांत बुटकी, तिचा खांदा पुरेना, म्हणून तिने आपल्या वाट्याचा भार डोक्यावर घेतला.

हा प्रसंग मी प्रथम वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. ज्यांनी देवाच्या पदरात सगळे घातले, त्यांच्या पदरात काय पडले? रमाबाईंनी हा प्रश्न आईबापांवर रागावून विचारला नाही. त्या दोघांबद्दल त्यांनी अखेरपर्यंत प्रेमाने आणि आदरानेच लिहिले. पण प्रश्न मनात राहिला. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी काश्मीरपर्यंत गेल्या. झेलमच्या काठी थंडी सोसेना म्हणून दोघांनी वाळूत खड्डे केले आणि अंगावर कोरडी वाळू ओढून रात्री काढल्या. सांगितलेले सारे केले आणि सांगितलेले फळ मिळाले नाही, अशी त्यांची खात्री होत गेली.

पुढची हकीकत बहुतेकांना ठाऊक आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला, त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला, १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने नेले. पुण्यात आर्य महिला समाज काढून त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

का घेतला? लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनींनी पतित समजल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी चालवलेले घर त्यांनी पाहिले होते. अशा स्त्रीला जवळ करावे, तिची शुश्रूषा करावी, हे धर्मकार्य असू शकते, ही गोष्ट त्यांना अगदी नवी होती. तिच्या मुळाशी काय आहे हे विचारता येशू आणि शोमरोनी स्त्री यांची कथा त्यांच्यापुढे आली.

तरीही पहिली आठ वर्षे आपल्याला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्या नंतर सांगत. हे मला फार महत्त्वाचे वाटते. नव्या धर्मातही त्या जुन्याच हिशेबाने वागत होत्या: नेमधर्म पाळावा, चांगली कृत्ये करावी, म्हणजे देव पावेल. १८९१ च्या सुमारास त्यांना उमगले की तारण हे मजुरीसारखे कमवायचे नसते, ते दान म्हणून घ्यायचे असते. ख्रिस्ती शिकवणीत प्रतिफळाचीही भाषा आहे, नाही असे नाही. गुप्तपणे केलेले दान स्वर्गीय पिता पाहतो आणि त्याची भरपाई करतो, स्वर्गातल्या ठेव्याला कसर लागत नाही, हे येशूने डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. पण ते प्रतिफळ आधी लेकरू म्हणून घरात घेतलेल्याला मिळणारे. चाकराचा पगार आणि लेकराचा वारसा यांत जो फरक, तोच इथे आहे.

असो. शारदा सदन मुंबईत ११ मार्च १८८९ रोजी सुरू झाले आणि पुढल्या वर्षी पुण्यास आले. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात यावरून वादळ उठले. केसरीने टीकेची झोड उठवली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. धर्माच्या बाबतीत सदन तटस्थ राहील, या भरवशावर पालकांनी मुली पाठवल्या होत्या. आणि ज्या मुलीला खायला घालणारे दुसरे कोणी नाही, तिने अन्नदात्याचा धर्म घेतला तर त्याला स्वखुशी म्हणावे का, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. मला त्याचे समाधानकारक उत्तर सापडलेले नाही.

एवढे मात्र दिसते की, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करायला त्या स्वतः गेल्या. तिरुपतीच्या रानातली भूक ज्यांनी पाहिली होती, त्यांना घरी बसवले नसावे. केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सारे बायकाच चालवीत. आंधळ्यांना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. अनंतशास्त्र्यांच्या घरात कुणाला पोटाचा उद्योग येत नव्हता, आणि त्यांच्या मुलीच्या घरात प्रत्येकीला एखादा तरी यावा असा दंडक होता. १९०७ मध्ये रमाबाईंनी इंग्रजीत आत्मकथन लिहिले. अक्षय ठेव्याची साक्ष, या अर्थाचे त्याचे नाव आहे.

उतारवयात त्यांनी एक अचाट काम हाती घेतले. हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचे एकटीने मराठी भाषांतर. खेड्यातल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांना हवी होती. मुक्ती सदनातल्याच मुली खिळे जुळवीत. कामाला वर्षामागून वर्षे लागली, आणि ऐकू येणे कमी झाले तरी ते थांबले नाही. सगळा कारभार जिच्या हाती सोपवायचा, ती मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी चाळिशीतच गेली. आईबाप, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. देवाने काय दिले, हा प्रश्न पुन्हा विचारायला याहून मोठे कारण कुणाला मिळणार? रमाबाई मुद्रिते तपासायला बसल्या.

शेवटची मुद्रिते हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या झोपेतच गेल्या. बायबल छापून पुरे झाले ते १९२४ साली.