आईच्या उशाशी नाम

॥ श्रीराम समर्थ ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ८, श्लोक ५ ते ७

आठव्या अध्यायातले हे तीन श्लोक आपण बहुतेक वेळा भराभर वाचून पुढे सरकतो. विषयच तसा आहे ना, अंतकाळाचा! भगवंत अर्जुनाला सांगतात की शेवटच्या क्षणी ज्याचं स्मरण असतं, त्याच्याकडेच जीव जातो. आणि लगेच पुढच्या श्लोकात सांगतात की म्हणूनच सर्व काळ माझं स्मरण ठेव आणि आपलं युद्धही कर. स्मरण आणि युद्ध, दोन्ही एकाच वाक्यात. घरात कुणी गंभीर आजारी असेल तर हे श्लोक वाचताना घशात आवंढा येतो. त्यातून ते माणूस आई असेल, तर विचारूच नका.

मित्रांनो, अशा घरात एक प्रश्न हमखास असतो. कुणी तो मोठ्याने विचारत नाही. आपण एवढा जप करतोय, पारायण करतोय, मग आईला बरं का वाटत नाहीये? आपली श्रद्धा कमी पडतेय का? भेटायला येणारी मंडळी कधी कधी नकळत हा काटा आणखी खोल रुतवतात. अमुक उपासना केली असती तर, तमुक ठिकाणी नेलं असतं तर, असं बोलून जातात. आणि रात्री हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या मुलाला किंवा मुलीला झोप लागत नाही.

आज या प्रश्नाकडे आपल्या साताऱ्याच्या मातीतल्या एका चरित्रातून पाहूया. श्री ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज. त्यांची प्रवचनं आपल्यापैकी कितीतरी जण रोज मोबाईलवर वाचतात. पण महाराज नावाचा मुलगा आणि गीताबाई नावाची त्याची आई, हा भाग आपल्या तितकासा लक्षात राहत नाही.

साताऱ्याहून पंढरपूरकडे जाताना माण तालुक्यात गोंदवले बुद्रुक लागतं. पाऊस बेताचा, जमीन कष्टाची. तिथल्या घुगरदरे कुलकर्ण्यांच्या घरात १९ फेब्रुवारी १८४५ रोजी महाराजांचा जन्म झाला. नाव ठेवलं गणपती. आजोबा लिंगोपंत पंढरीचे वारकरी, वडील रावजी, आई गीताबाई. घरात विठ्ठलाची भक्ती पिढीजात होती, म्हणजे नाम या घराला नवीन नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलगा मात्र जगावेगळा निघाला. खेळण्याच्या वयात गुरूच्या शोधात घर सोडून गेला. शोधून परत आणला, त्या काळच्या रीतीप्रमाणे लहानपणीच लग्न लावून दिलं. वाटलं, आता तरी घरात रमेल. पण तो पुन्हा गेला. शोध थांबला तो मराठवाड्यातल्या येहळेगावी, श्री तुकामाईंच्या पायाशी. तुकामाईंनी कठोर परीक्षा पाहिली, अनुग्रह दिला आणि ब्रह्मचैतन्य हे नाव दिलं.

चरित्र वाचताना आपण महाराजांबरोबर येहळेगावला जातो, आणि आई गोंदवल्यात मागे राहते. जरा तिच्या बाजूनेही पाहूया. पोटचा पोर नाहीसा झालाय. फोन नाही, लाइव्ह लोकेशन नाही. वाटेवरून कुणी गोसावी-बैरागी दिसला की काळजात चर्र होत असणार. अशी वर्षं तिने काढली. महाराज परत आले ते गुरूच्या आज्ञेने, प्रपंच करून दाखवण्यासाठी. डोंगरात गुहा शोधून तपाला बसावं, असं गुरूंनी सांगितलं नव्हतं. लोकांत राहून, घरात राहून नाम घ्यायचं आणि लोकांना नामाला लावायचं, हे काम त्यांच्याकडे आलं होतं.

आणि त्यांनी प्रपंच केला. पहिली पत्नी गेल्यावर आईच्या आग्रहाखातर दुसरं लग्न करायला तयार झाले. पण मुलगी मी निवडीन, एवढी अट घातली असं सांगतात. निवडली ती आजच्या सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीच्या देशपांडे घराण्यातली अंध मुलगी. पुढे गोंदवल्यात सगळे त्यांना आईसाहेब म्हणू लागले. ज्या मुलीला त्या काळी कुणी पदरात घेतलं नसतं, तिला त्यांनी मानाने घरात आणलं. घरातल्या माणसाला आधार द्यावा लागणं म्हणजे संकट, असं या माणसाला कधी वाटलंच नसावं.

रामाचं मंदिर त्यांनी गोंदवल्यात राहत्या जागीच उभं केलं. माणदेशात दुष्काळ पडला तेव्हा लोकांना आपल्या शेतात कामाला लावून त्यांच्या पोटाची सोय केली. दाराशी येणाऱ्यांची रीघ लागली. कुणाचं मूल आजारी, कुणाला कर्ज, कुणाच्या घरात भांडण. लोकांची खात्री अशी की महाराजांनी मनावर घेतलं तर काहीही होऊ शकतं.

या सगळ्या गर्दीत आई म्हातारी होत गेली. तिच्या मनात एक इच्छा होती, काशीयात्रेची. महाराजांनी ती पुरी करायचं ठरवलं. माणदेशातल्या एका थकलेल्या बाईला घेऊन काशी-प्रयागपर्यंत जायचं म्हणजे त्या काळी साधी गोष्ट नव्हती. निघालेला माणूस परत येईलच याची खात्री घरचे धरत नसत.

इथे चरित्रात एक प्रसंग येतो, जो पहिल्यांदा वाचताना चमत्कारिक वाटतो. निघण्याआधी महाराजांनी आईला घरादारावर तुळशीपत्र ठेवायला लावलं. म्हणजे काय, तर सगळं दान. भांडीकुंडी, कपडेलत्ते, धान्य, सगळं गावातल्या लोकांनी यावं आणि घेऊन जावं. आयुष्यभर काडी काडी जमवून उभा केलेला संसार तिच्या डोळ्यांदेखत रिकामा झाला.

हे निष्ठुर वाटतं का? आठव्या अध्यायाजवळ ठेवून पाहा. महाराजांना दिसत होतं की आईचा हा प्रवास एका दिशेचा असू शकतो. देह काशीत आणि मन मात्र गोंदवल्याच्या माजघरात, फडताळात, असं व्हायला नको होतं. आणि त्यांनी तिच्या पाठीमागे गुपचूप काही केलं नाही. तिलाच विचारलं, तिच्याच हाताने सोडवलं. मुलाने आईला दिलेला हा मोकळेपणा होता.

मग यात्रा झाली. काशी झाली, प्रयाग झालं, आणि मंडळी अयोध्येला आली. तिथे गीताबाई आजारी पडल्या. वय झालेलं, प्रवासाचा शीण, घर शेकडो कोस लांब.

आता जरा थांबूया. कारण आपला मघाचा प्रश्न इथेच उभा आहे. ज्यांच्या शब्दाने आपलं दुखणं हटेल अशी हजारोंची श्रद्धा होती, त्यांची स्वतःची आई अंथरुणाला खिळली होती. ठिकाणही कुठलं, तर प्रत्यक्ष रामरायाची अयोध्या. नाम तर अखंड चालू होतंच. श्रद्धेने दुखणं हटायचंच असतं, तर याहून योग्य जागा आणि याहून योग्य मुलगा कुठला?

गीताबाई बऱ्या झाल्या नाहीत. शरयूच्या काठी, त्या अयोध्येतच त्यांनी देह ठेवला. महाराज त्यांच्याजवळ होते. आईची सेवा करत होते आणि तिच्या कानावर रामनाम पडत राहील हे पाहत होते. लहानपणी जो मुलगा आईला न सांगता निघून गेला होता, तो शेवटी तिच्या उशाशी बसला होता.

म्हणून, ज्यांच्या घरात आज आई आजारी आहे त्यांनी एवढं मनाशी पक्कं धरावं. आईला बरं न वाटणं हा तुमच्या श्रद्धेवरचा शेरा नाही. तसं असतं तर गोंदवलेकर महाराजांची श्रद्धाही कमी पडली म्हणावं लागेल, आणि ते म्हणायला कुणाची जीभ वळणार नाही. देहाला देहाचे नियम आहेत. नामाचं काम वेगळं आहे. दुखण्यात माणूस एकटा पडतो, घाबरतो, त्या भीतीत नाम सोबत करतं. आजारी माणसालाही करतं आणि उशाशी बसलेल्यालाही करतं.

याचा अर्थ औषध सोडून जप करत बसा, असा मुळीच नाही. भगवंत अर्जुनाला युद्ध कर म्हणतात ना? आजाऱ्याच्या घरातलं युद्ध म्हणजे वेळेवर औषधं, तपासण्या, डॉक्टरांशी नीट बोलणं, बिलांची जुळवाजुळव, रात्रीची जागरणं. महाराजांच्या सगळ्या प्रवचनांचा सूर हाच आहे की प्रपंचातलं कर्तव्य टाळू नका, ते करताना भगवंताला विसरू नका. आज गोंदवल्यात समाधी मंदिरात नाम चालतं, आणि त्याच गावात संस्थानचं रुग्णालयही चालतं. एका माणसाने दोन्ही ठिकाणी जावं, यात काही विसंगती नाही.

महाराजांच्या आईकडून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिच्या ओठावर शेवटी जे आलं, ते त्या दिवशी शिकवलेलं नव्हतं. आठवतंय ना, घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठल होता. सातव्या श्लोकातलं सर्व काळ ते हेच. आयसीयूच्या दाराशी धावपळीत सुरू केलेलं नामही वाया जात नाही, पण रोज संध्याकाळी दिव्यापाशी पाच मिनिटं घेतलेलं नाम कठीण वेळी आपसूक वर येतं. तुम्ही पुण्यात आणि आई कराडला किंवा इस्लामपूरला असेल, तर रोज व्हिडिओ कॉलवर एक माळ एकत्र ओढा. तिला कंटाळा आला, दम लागला तर थांबा. जबरदस्ती नको. तिने ऐकायचं आणि तुम्ही म्हणायचं, एवढंही पुरे.

आणि तुळशीपत्राचं काय? घर वाटून टाकायला कुणी सांगत नाहीये. पण आईला विचारून तर पाहू. तुझ्या मनात काय राहिलंय? कुणाला भेटायचंय? कुणाशी अबोला आहे, तो सोडायचाय का? तुझ्या बांगड्या कुणाला द्याव्यात असं तुला वाटतं? आपण हे विचारत नाही, कारण विचारलं तर तिला वाटेल की आपण आशा सोडली. खरं म्हणजे बरेचदा तिलाच बोलायचं असतं, आणि आपल्याला वाईट वाटेल म्हणून तीच गप्प असते. दोघंही एकमेकांना सांभाळत बसतात आणि बोलायचं राहून जातं. महाराजांनी आईशी हा विषय वेळेत काढला, तो ती चालती-बोलती असताना. आणि त्यानंतर तिची इच्छा पुरी करायला स्वतः बरोबर गेले. मोकळं बोलणं आणि बरोबर जाणं, या दोन्हींत त्यांची मातृभक्ती दिसते.

गोंदवल्याला परतल्यावरही महाराजांच्या दाराशी दुःखी माणसं येत राहिली. उत्तरायुष्यात त्यांना स्वतःला दम्याचा त्रास होता. तरी लोकांशी बोलणं, त्यांना नामाला लावणं चालूच राहिलं. २२ डिसेंबर १९१३ रोजी त्यांनी गोंदवल्यात देह ठेवला. दरवर्षी मार्गशीर्षात तिथे पुण्यतिथीचा उत्सव होतो. तुम्ही यंदा गेलात, तर समाधीपुढे डोकं टेकवताना गीताबाईंचीही आठवण काढा.

आजचं साधन :
आज आईजवळ दहा मिनिटं बसा. लांब असाल तर फोन करा. सल्ला नको, रिपोर्टची चर्चा नको. आधी तिचं ऐका, मग दोघांनी मिळून थोडं नाम घ्या. आणि ज्यांची आई आता देहाने नाही, त्यांनी तिच्या नावाने एक माळ करावी.

रामराया, ज्या घरात आज आई आजारी आहे, तिथल्या प्रत्येकाच्या पाठीवर तुझा हात असू दे. आईला आराम पडू दे. आणि तुझ्या मनात वेगळं काही असेल, तर तिच्या उशाशी बसण्याचं बळ आम्हाला दे.

॥ श्रीराम समर्थ ॥