उशिरा पोहोचलेला करंडक

शर्यतीत जो पहिला येतो त्याला करंडक मिळतो, अशी माझी भाबडी समजूत होती. वेंडेल स्कॉट यांचे चरित्र वाचले आणि ती गळून पडली.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात डॅनव्हिल येथे १९२१ साली एका कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात मेकॅनिक होते. पुढे त्यांनी टॅक्सी चालवली, चोरटी दारूही वाहिली. मोटारशर्यतीत उतरल्यावर पैशाअभावी ते जुन्या गाड्या घेत व स्वतःच दुरुस्त करीत. मदतीला घरचीच मुले!

१ डिसेंबर १९६३ रोजी फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे ते सर्वांच्या पुढे होते. तरी विजेता म्हणून नाव पुकारले गेले ते बक बेकर या गोऱ्या चालकाचे. प्रेक्षक पांगल्यावर, काही तासांनी, स्कॉट यांचा विजय मान्य झाला. करंडक मात्र मिळाला नाही.

१९७३ साली टॅलाडेगाच्या शर्यतीत भीषण अपघात होऊन त्यांची कारकीर्द संपल्यासारखीच झाली. १९९० साली ते वारले. तो करंडक त्यांच्या कुटुंबाच्या हाती पडला २०२१ साली.

फेऱ्यांची मोजणी दुरुस्त व्हायला काही तास पुरले. मनांची व्हायला जवळजवळ ५८ वर्षे लागली. तरीही हा माणूस दर आठवड्याला पुन्हा गाडी घेऊन मैदानात उतरत राहिला. मला त्यांचा खरा विजय तोच वाटतो.