अक्षरांचा कारागीर : कै. जावजी दादाजी

देवस्थानच्या स्मरणिकेत सत्पुरुषांची, दानशूर महाजनांची व विद्वानांची चरित्रे यावीत, ही आपली जुनी रीत आहे व ती योग्यच आहे. परंतु ज्यांच्या हातच्या श्रमावाचून आपले पूजापाठ व पुराणवाचन घरोघर पोचले नसते, अशा कारागिरांचे स्मरण मात्र क्वचितच होते. आमोण्याच्या श्रीवेताळाच्या छायेत वाढलेल्या आम्हां जुन्या पिढीच्या लोकांना ‘निर्णयसागर’ हे नाव पाठ असे. त्या नावामागचा माणूस फारसा कोणास ठाऊक नसे. त्याचीच ही अल्प ओळख.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईत झाला. घराणे मूळचे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगावचे. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची, त्यामुळे शाळेचे शिक्षण नावापुरतेच झाले व लहान वयातच पोटासाठी काम शोधावे लागले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांच्या देखरेखीखाली देवनागरी खिळे तयार होत असत. तेथे खिळे घासण्याच्या कामावर हा मुलगा दरमहा दोन रुपयांवर लागला.

खिळे घासणे हे काम दिसावयास क्षुल्लक. पण त्यातच त्यांच्या पुढील आयुष्याचे बीज होते. खिळा कसा घडतो, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. प्रथम पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे. तो ठसा तापवून, पाणी देऊन टणक करावयाचा आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकून अक्षराची खोल मातृका उठवावयाची. ती मातृका साच्यात बसवून वर शिशाचा मिश्र रस ओतला म्हणजे खिळा निघतो. त्याच्या कडा घासून सारख्या केल्या नाहीत, तर ओळ वाकडी येते आणि अक्षर कागदावर उठत नाही. रोमन लिपीला थोडक्या खिळ्यांवर निभावता येते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार व जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागतात, आणि त्या सर्वांची शिरोरेषा एका पातळीत जुळावी लागते. केसाएवढा फरक पडला तरी तो डोळ्यांस खुपतो. तो फरक बोटांनी ओळखण्याची विद्या जावजींनी त्या दोन रुपयांच्या चाकरीत मिळविली.

पुढे ‘टाइम्स ऑफ इंडिया’, ‘इंदुप्रकाश’ व ‘ओरिएंटल’ या छापखान्यांतून अनुभव घेत ते या धंद्यात निष्णात झाले. १८६४ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी स्वतःचा खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. जवळ वडिलार्जित द्रव्य नव्हते. भांडवल काय ते हातातील कसब आणि बाजारातील पत. या उद्योगात राणोजी रावजी आरू या कुशल कारागिराची त्यांना मोलाची साथ लाभली. राणोजींनी कोरलेल्या ठशांवरून निरनिराळ्या आकारांचे सुबक खिळे तयार झाले. निर्णयसागरचा खिळा म्हणजे चोख खिळा, असा लौकिक झाला व दूरदूरचे छापखाने तो मागवू लागले. दोन गुणी माणसे एका धंद्यात एकमेकांची स्पर्धक न होता सहकारी होतात, ही गोष्ट त्या काळीही सुलभ नव्हती.

आपल्या गोमंतकाच्या दृष्टीने या कार्याचे महत्त्व विशेष आहे. १५५६ साली हिंदुस्थानातील पहिला छापखाना गोव्यात आला. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी पुराण रायतूर येथे छापले गेले. पण ते रोमन अक्षरांत. भाषा आपली आणि लिपी परकी, अशी ती अवस्था. यंत्र आपल्या दारी असूनही आपल्या अक्षराचा खिळा आपल्याजवळ नव्हता. पुढे पोर्तुगीज अमदानीत कचेरी व लिसेव यांतून पोर्तुगीज अक्षरे गिरवणाऱ्या मुलांच्या घरी देव्हाऱ्यापाशी जी मराठी व संस्कृत पुस्तके असत, त्यांपैकी कितीतरी मुंबईच्या निर्णयसागरची असत. त्या पुस्तकांनी आमची लिपी आमच्या डोळ्यांसमोर राखली, हे ऋण लहान नव्हे.

जावजी स्वतः पंडित नव्हते. म्हणूनच की काय, पंडितांची योग्यता त्यांना पुरती कळत होती. ग्रंथ शुद्ध छापले जावेत यासाठी त्यांनी शास्त्रीमंडळींना आपल्या कार्यात आणले. १८८६ साली सुरू झालेल्या ‘काव्यमाले’तून पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली अनेक दुर्मिळ संस्कृत ग्रंथ प्रकाशात आले. वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली ‘काव्यसंग्रहा’तून जुन्या मराठी कवींची कविता लोकांपुढे आली. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक १८८१ पासून निघू लागले, त्यासही जावजींचा आधार होता. ज्याला स्वतःला शाळा लाभली नाही, त्याने दुसऱ्यांच्या मुलांच्या वाचनाची सोय पाहिली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मंत्रात ऱ्हस्वाचा दीर्घ झाला तर दोष मानणारा आपला समाज छापील पोथीवर विश्वास ठेवू लागला, त्याच्या मुळाशी हा चोखपणा होता.

दिनांक ५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्नच्या आसपास. कर्ता पुरुष गेला म्हणजे धंदा बुडतो, असा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. येथे तसे झाले नाही. त्यांचे चिरंजीव तुकाराम जावजी यांनी छापखाना त्याच इतमामाने चालविला. पुढील काळातील पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पांडुरंग जावजी, आणि त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग अशी नावे आढळतात. वडिलांचे नाव मुलामागे आणि पतीचे नाव पत्नीमागे लागत गेले, आणि त्या प्रत्येक नावाबरोबर कामाची जबाबदारीही पुढे गेली. घरातील बाईमाणसाचे नाव प्रकाशक म्हणून छापले जाणे, हे त्या काळी सामान्य नव्हते. कुटुंबाला इस्टेटीबरोबर कामाची शिस्तही वारशाने देता येते, याचे हे उदाहरण होय.

खिळ्यांची छपाई आता मागे पडली आहे. अक्षरे यंत्राच्या पडद्यावर क्षणात उमटतात, आणि चुकाही तितक्याच वेगाने उमटतात. आपल्या देवस्थानाचे चिरे घडविणारा पाथरवट, समई ओतणारा कासार, पालखी करणारा सुतार यांची नावे आपल्या वह्यांत क्वचितच आढळतील. देणगीदारांची मात्र रकमेसह आढळतील. जावजींचे नाव पुस्तकांवर छापले गेले म्हणून तरी उरले. त्यांच्या निमित्ताने महाजनमंडळींनी आपल्या गावच्या कारागिरांची नावे, वयस्कर माणसे हयात आहेत तोवर, विचारून लिहून ठेवावीत, अशी नम्र सूचना करावीशी वाटते. दोन रुपयांच्या चाकरीतून ज्याने आपल्या अक्षराला रूप दिले, त्या कारागिराच्या स्मृतीस आदरपूर्वक वंदन करून हा लेख पुरा करतो.