चित्रकार रूबेन्स

थोर चित्रकार पीटर पॉल रूबेन्स याचा जन्म इ. स. १५७७ मध्ये जर्मनीतील सीगेन गावी झाला. वडील निवर्तल्यावर आई मुलांना घेऊन अँटवर्प नगरात आली. तेथेच त्याने चित्रकलेचे धडे गिरविले व पुढे आठ वर्षे इटलीत राहून त्या कलेत प्रावीण्य मिळविले. १६०८ मध्ये आईच्या आजाराची वार्ता ऐकून तो तातडीने परतला. परंतु तो घरी पोचण्यापूर्वीच ती माउली निघून गेली होती.

पुढच्याच वर्षी इझाबेला ब्रांट हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्या प्रसंगाचे स्मरण म्हणून त्याने उभयतांचे एक चित्र रंगविले. दोघे हनीसकलच्या फुललेल्या वेलीखाली बसली आहेत. ही वेल आधाराला घट्ट बिलगून वाढते. म्हणून तिकडे ती निष्ठेची खूण मानतात. इझाबेलाचा उजवा हात पतीच्या उजव्या हातावर विसावला आहे. रोमन काळापासून उजव्या हातांचे हे मीलन म्हणजे विवाहबंधनच.

१६२२ मध्ये फ्रान्सची राजमाता मारी द मेदिची हिने आपले चरित्र चित्रित करण्याचे काम त्याच्याकडे सोपविले. काम मोठे नाजूक! राजाराणीचे फारसे पटत नसे, हे जगजाहीर होते. रूबेन्सने त्यांची पहिली भेट मेघमंडलात नेली. राजा झाला देवराज ज्युपिटर, जवळ गरुड. राणी झाली विवाहदेवता जूनो, जवळ मोर. खाली सिंहांच्या रथात लियोन नगरी स्त्रीरूपाने बसली आहे. चित्र भव्य आहे खरे. पण वेलीखालच्या त्या दोन हातांची सर त्याला नाही.

१६२३ मध्ये त्याची बारा वर्षांची लाडकी कन्या क्लारा वारली आणि १६२६ मध्ये इझाबेलाही गेली. घर त्याला खायला उठले. तो राजदूत म्हणून देशोदेशी हिंडला. स्पेन व इंग्लंड यांच्यात तह व्हावा म्हणून झटला. १६३० मध्ये तो तह झाला आणि त्याच वर्षी, त्रेपन्नाव्या वर्षी, त्याने सोळा वर्षांच्या हेलेना फोरमेंटशी विवाह केला. त्यानंतरच्या 'प्रेमाचे उद्यान' या चित्रात पंख असलेली बालके मशाल व कबुतरांची जोडी घेऊन भिरभिरतात. जूनोचा मोर तेथेही आहे.

संधिवाताने त्याचे हात आखडत गेले, तरी कुंचला सुटला नाही. १६४० मध्ये तो निवर्तला. त्याची धाकटी कन्या त्यानंतर आठ महिन्यांनी जन्मली.